पार्श्वभूमी : ‘पुढे चाल’ वेगळी, ‘माघार’ वेगळी

५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत भारतीय महिला संघाने थायलंडला २-१ असे हरवले आणि २०२६ च्या आशियाई करंडकाचे तिकीट काढले. दुसऱ्या दिवशी मथळे दोन प्रकारचे होते : ‘पहिल्यांदाच पात्र’ आणि ‘२३ वर्षांनंतर पुनरागमन’. दोन्ही खरे आहेत. पण हाच संघ २० जानेवारी २०२२ ला नवी मुंबईत याच स्पर्धेचा सामना पूर्ण ९० मिनिटे खेळला होता, तो दोन्हींत कुठेच नाही. तो का नाही, हे कळण्यासाठी आधी दोन शब्दांचा गुंता सोडवावा लागतो.

पहिला शब्द ‘पात्र’. २००३ पर्यंत या स्पर्धेला पात्रता फेरी नव्हती. ज्या देशाने नाव दिले आणि प्रवासाचा खर्च उचलला तो खेळला. पात्रता सुरू झाली ती २००६ च्या स्पर्धेपासून, आणि २०२५ पर्यंत भारताला ती कधीच पार करता आली नव्हती. १९८० आणि १९८३ चे उपविजेतेपद खरे असूनही २०२५ मध्ये ‘पहिल्यांदाच’ लिहिता येते ते त्यामुळे.

ही दोन उपविजेतेपदे आपल्याकडे फार ऐटीत सांगितली जातात, म्हणून थोडे खोलात. १९७५ साली देशात महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली. आशियातही महिलांचा कारभार मुख्य महासंघाबाहेर, स्वतंत्र चालायचा. १९८६ ला तो मुख्य महासंघात विलीन झाला. जानेवारी १९८० ची स्पर्धा कोझिकोडला झाली. यजमान भारताने त्यात एक नाही, दोन संघ उतरवले. कोष्टकात त्यांच्यापुढे ‘एस’ आणि ‘एन’ अशी अक्षरे आहेत. अंतिम सामन्यात चिनी तैपेईकडून (म्हणजे तैवानच्या संघाकडून) ०-२ हरला तो ‘एस’ संघ. त्याच स्पर्धेत वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, म्हणजे देश नव्हे तर एका देशातले राज्य, खेळून गेले. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा क्रमांक आला आणि १९८३ ला बँकॉकमध्ये अंतिम सामना थायलंडने ३-० असा जिंकला. त्या मुलींचे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण ‘तेव्हा आपण आशियात दुसरे होतो’ हे वाक्य आजच्या अर्थाने वापरणे चूक आहे. चीन, जपान, कोरिया यांची पुढे उभी राहिलेली ताकद तेव्हाच्या मैदानात नव्हती.

ही ताकद आल्यावर काय झाले ते आकडे सांगतात. डिसेंबर १९९८, बँकॉक, आशियाई क्रीडा स्पर्धा : चीनकडून ०-१६. आजवरचा सर्वांत मोठा पराभव तोच. २००३ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा चीन, ०-१२. त्यानंतर सामनेच आटले. जून २००९ मध्ये १८ महिन्यांहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे जागतिक क्रमवारीतून भारताचे नावच काढले गेले. हरल्याने क्रमांक खाली जातो. न खेळल्याने नाव जाते.

दक्षिण आशियात मात्र याच संघापुढे कुणी टिकत नव्हते. २०१० च्या डिसेंबरात कॉक्स बझारला भूतानवर १८-०, आणि मग २०१०, २०१२, २०१४, २०१६ व २०१९ अशी सलग पाच विजेतेपदे. हे वर्चस्व सप्टेंबर २०२२ ला काठमांडूत संपले : गटात बांगलादेशकडून ०-३, उपांत्य फेरीत नेपाळकडून ०-१. २०२४ ला त्याच शहरात उपांत्य सामना १-१ राहिला आणि नेपाळने टायब्रेकरवर जिंकला. शेजारी पुढे गेले हे एक कारण आहेच. पण दर दोन वर्षांनी भूतान-मालदीववर दहा-पंधरा गोल करून आपण काय शिकत होतो, हेही विचारायला हवे. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत एकाच गटात मालदीववर १५-० आणि मग दक्षिण कोरिया व थायलंडकडून प्रत्येकी ०-१० असे निकाल लागले. एप्रिल २०१७ ला प्योंगयांगच्या पात्रता फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१०, उत्तर कोरियाकडून ०-८, उझबेकिस्तानकडून १-७. जिंकला तो एकच सामना, हाँगकाँगविरुद्ध, २-०.

आता दुसरा शब्द, ‘माघार’.

२०२२ चा आशियाई करंडक भारतात भरला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे अशी केंद्रे होती. बारा संघ, चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिन्ही गटांतल्या तिसऱ्या संघांपैकी चांगले दोन उपांत्यपूर्व फेरीत. भारताच्या गटात चीन, चिनी तैपेई आणि इराण. पहिला सामना इराणशी ०-० बरोबरीत सुटला. दुसरा २३ जानेवारीला चिनी तैपेईशी होता. त्या दिवशी कोरोना चाचण्यांचे अहवाल आले, डझनभर खेळाडू बाधित निघाल्या आणि सामना सुरूच झाला नाही.

बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर किंवा पलीकडे कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर ज्यांनी स्पर्धा पाहिल्या आहेत, त्यांच्या डोक्यात अशा वेळी एकच शब्द येतो : पुढे चाल. एक संघ आलाच नाही, पंचांनी थोडा वेळ वाट पाहिली, हजर संघ जर्सी घालून मध्यरेषेवर उभा राहिला, शिट्टी वाजली, झाले. साखळी स्पर्धा असेल तर हजर संघाच्या खात्यात ३-० आणि तीन गुण. गैरहजर संघाचे आधीचे निकाल जागच्या जागी राहतात आणि पुढच्या सामन्याला तो पुन्हा येऊ शकतो.

नवी मुंबईत हे झाले नाही. महासाथीसाठी आशियाई महासंघाने वेगळी नियमावली काढली होती. तिच्यात कलम असे होते की एका गोलरक्षकासह किमान १३ खेळाडू उपलब्ध नसतील, तर सामना न होण्याची जबाबदारी त्या संघाची, आणि त्या संघाने केवळ सामन्यातून नव्हे तर *स्पर्धेतूनच* माघार घेतली असे धरले जाईल. माघार म्हटली की पुढचा नियम आपोआप लागतो : त्या संघाचे सगळे सामने रद्द, खेळलेलेही. इराणविरुद्धची बरोबरी कागदावरून गेली ती अशी.

इथे १३ हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. खेळाच्या मूळ नियमांप्रमाणे एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही. सात असतील तर होतो. आपल्या गावच्या स्पर्धांत आठ-नऊ जणांनिशी उतरून कसाबसा सामना काढलेले संघ प्रत्येकाने पाहिले आहेत. भारताकडे २३ जणींची यादी होती. बाधित वजा केल्या तर उरतात अकराच्या आसपास, त्यातही काही जायबंदी. मूळ नियमाने हा संघ उतरू शकला असता, विशेष नियमाने नाही. विशेष नियमामागे तर्क होता : बाकीच्या उरलेल्या खेळाडूही संपर्कात आलेल्या असणार, आणि अकराच असतील तर एक दुखावली की बदली कोण? पण तारीख पुढे ढकलण्याचा पर्याय संयोजकांनी वापरला नाही, आणि खरा वाद तिथे आहे. संघ ज्या हॉटेलात होता तिथल्या कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे समजूनही वेळेवर हालचाल झाली नाही, असा राष्ट्रीय संघटनेचा आक्षेप होता. सुरक्षित कडे संयोजकांनी आखायचे, ते फुटले की शिक्षा आत राहणाऱ्यांना : नियम शब्दशः पाळला गेला हे मान्य करूनही हा हिशेब पटत नाही.

समजा, नियम ‘पुढे चाल’चा असता. इराणशी बरोबरीचा एक गुण, मग चिनी तैपेई आणि चीनला प्रत्येकी ०-३ बहाल. भारत : एक गुण, गोलफरक उणे सहा. इराणने पुढे चीनकडून ०-७ आणि चिनी तैपेईकडून ०-५ मार खाल्ला. त्यांचाही एक गुण, पण गोलफरक उणे बारा. म्हणजे मैदानात न उतरता भारत गटात तिसरा. बाकी गटांतले तिसरे कोण? थायलंडचे तीन गुण होते, ते गेलेच असते. राहिला व्हिएतनाम : जपान व दक्षिण कोरियाकडून प्रत्येकी ०-३, म्यानमारशी २-२. एक गुण, गोलफरक उणे सहा. भारताइतकाच. केलेले गोल मोजावे लागले असते आणि दोन विरुद्ध शून्य असा व्हिएतनाम पुढे गेला असता.

थोडक्यात, पुढे चाल दिली असती तरी भारत उपांत्यपूर्व फेरीत पोचला नसता. फरक पडला असता तो नोंदीत : ‘गटात तिसरा, एक गुण’ असे लिहिले गेले असते. आज तिथे ‘माघार’ लिहिले आहे. ज्या संघाने मैदान सोडले नाही त्याच्या नावापुढे हा शब्द बसतो, म्हणून इतका पसारा.

माघारीचा फटका दुसऱ्यांनाही बसला. भारत गेल्यावर त्या गटात तीनच संघ उरले, त्यामुळे तिसऱ्या संघांची तुलना सारखी व्हावी म्हणून बाकी दोन गटांतले चौथ्या संघाविरुद्धचे निकालही हिशेबातून काढले. थायलंडचा इंडोनेशियावरचा ४-० विजय आणि व्हिएतनामची म्यानमारशी बरोबरी तुलनेपुरती पुसली गेली. तिघांकडेही शून्य गुण राहिले. उणे दोन, उणे सहा, उणे बारा या गोलफरकावर थायलंड आणि व्हिएतनाम पुढे गेले. त्या व्हिएतनामने मग उपांत्यपूर्व फेरीत हरूनही फेरलढतींत थायलंडला २-० आणि चिनी तैपेईला २-१ असे हरवून पहिल्यांदाच विश्वचषक गाठला.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला जागतिक महासंघाने तिसऱ्या पक्षाच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतीय संघटनेला निलंबित केले. अकरा दिवसांत, २६ ऑगस्टला, ते उठले. तेवढ्यात केरळच्या एका महिला क्लबचा संघ ताश्कंदला पोचून न खेळता परतला होता. ऑक्टोबरात १७ वर्षांखालील विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे झाला. यजमान म्हणून खेळलेला भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरला. चोर्ला घाट उतरला की मडगाव. बेळगाव-खानापूरकरांसाठी महिलांच्या विश्वचषकाचे सामने इतक्या जवळ आधी कधी आले नव्हते.

सीमाभागातल्या मुलीला राष्ट्रीय संघापर्यंतची वाट मात्र तशी सरळ नाही. निपाणीहून कोल्हापूर तासाभरात येते, तिथे तालमींचे संघ आणि पेठांची ईर्ष्या आहे. पण नोंदणी कर्नाटकात असेल तर राज्य संघाची दिशा बंगळूरची, बेळगावपासून पाचेकशे किलोमीटर, रात्रभराची गाडी. शाळेची परीक्षा आणि निवड चाचणी एकाच आठवड्यात आली की मुलगी मागे पडते ती खेळात नव्हे. १९९१ पासून चालू असलेल्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. तो वीसहून अधिक वेळा मणिपूरने नेला. राष्ट्रीय संघाच्या यादीत मणिपुरी नावे इतकी का असतात, याचे उत्तर तिथेच आहे.

२०२५ ला चियांग माईच्या गटात पाच संघ आणि जागा एक. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवले. थायलंडचेही तीन विजय आणि गोलफरक तोच, अधिक २२. क्रमवारीत थायलंड ४६ वा, भारत ७० वा. घरच्या प्रेक्षकांपुढे थायलंडने उत्तरार्धाच्या सुरुवातीला बरोबरी साधली तेव्हा जुन्या निकालांची आठवण झालीच. भारताचे दोन्ही गोल एकाच मधल्या फळीतल्या खेळाडूने केले, दुसरा ७४ व्या मिनिटाला.

२०२६ च्या स्पर्धेचा आराखडा २०२२ चाच : बारा संघ, तीन गट, तिसऱ्यांतले दोन. सोडतीत भारताच्या वाट्याला आले जपान, गोलफरकात बरोबरीला असता तो व्हिएतनाम, आणि चिनी तैपेई, ज्यांच्याशी २३ जानेवारीचा सामना व्हायचा राहून गेला.