शंभर चिन्हं पाठ केल्याशिवाय बीपीएमएन येत नाही?

बीपीएमएन म्हणजे कामाचे टप्पे आकृतीत मांडायची ठरावीक चिन्हांची पद्धत. ‘कामाचा प्रवाह बीपीएमएनमध्ये मांडायचा तर आधी शंभरेक चिन्हं पाठ करा,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. पूर्ण तक्ता पाहिला की कुणालाही ते पटेल. पण त्यातली बरीचशी चिन्हं तीनच आकारांची रूपं आहेत: वर्तुळ म्हणजे घटना, गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळा म्हणजे वाटा फुटण्याची किंवा जुळण्याची जागा. वर्तुळाची कड बारीक तर सुरुवात, जाड तर शेवट. आत पाकीट म्हणजे निरोप.

पडताळायचंय? ऑफिसातला रजेचा अर्ज कागदावर काढा: अर्ज आला, साहेबांनी पाहिला, मंजूर की नामंजूर, कळवलं. नवख्याचा खरा घोळ माझ्या मते शंकरपाळ्यात होतो. आत फुली असेल तर एकच वाट, अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकदम. इथे अधिक काढलंत, तर एकाच अर्जाला होकारही जाईल आणि नकारही.