बुगुन लिओसिक्ला: जीव न घेता नाव मिळालेला पक्षी

ईगलनेस्टला बर्डिंगला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच असतो, बुगुन दिसला का? इतकं काय आहे त्या पक्ष्यात, तर मागची गोष्ट अशी.

ईगलनेस्ट हे अरुणाचलच्या वेस्ट कामेंग जिल्ह्यातलं अभयारण्य, नाव ऐकून गरुडाचं घरटं वगैरे वाटतं पण ते पडलंय १९५० च्या दशकात तिथे असलेल्या आर्मीच्या रेड ईगल डिव्हिजनवरून. जानेवारी १९९५ मध्ये तिथे रमण अत्रेय यांना एक अनोळखी पक्षी दिसला, आणि तो भारतातल्या कुठल्याच पुस्तकात सापडेना. अत्रेय पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे आपल्या पुण्यातच रेडिओ दुर्बिणीचं काम करणारे, पक्षी हा छंद. परत दिसायला थेट २००५ उजाडलं, म्हणजे दहा वर्षं! आणि जागा काय कुठे आत दडलेली नाही, लामा कॅम्पजवळ, साधारण २३०० मीटरवर, रस्त्यालगतची दाट झुडपं. पक्षी बुलबुलाएवढा, करडा-ऑलिव्ह, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळाधमक ठिपका, पंखात पिवळा, लाल, पांढरा असे पट्टे. एवढे रंग असूनही झुडपात शिरला की गायब, नुसती बासरीसारखी शीळ ऐकत बसायचं.

मे २००६ मध्ये जाळं लावून तो पकडला. आता नवीन प्रजाती जाहीर करायची म्हणजे रीतीप्रमाणे एक पक्षी मारून म्युझियममध्ये ठेवायचा, सलीम अलींच्या काळात बंदूक हे नेहमीचंच साधन होतं. पण इथे तोवर दिसलेले पक्षी होते एकूण १४, त्यात वीण करणाऱ्या जोड्या ३, मग मारायचा कुठला? अत्रेयंनी मापं घेतली, फोटो काढले, जाळ्यात गळालेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. त्याच वर्षी त्या पिसांच्या, फोटोंच्या आणि आवाजाच्या रेकॉर्डिंगच्या जोरावर वर्णन छापून आलं. माझ्या मते खरं धाडस हे होतं, पक्षी दिसणं हा नशिबाचा भाग.

सगळ्यात जवळचा भाऊबंद चीनमध्ये सिचुआनच्या डोंगरात, हजारावर किलोमीटर लांब. नाव मात्र दिलं ईगलनेस्टच्या भागातल्या बुगुन जमातीचं. त्याच लोकांनी पुढे आपल्या सिंगचुंग गावची १७ चौरस किमी जमीन राखीव केली, २०१७ मध्ये ती कम्युनिटी रिझर्व्ह म्हणून जाहीर झाली आणि आता गावातलीच पोरं तिथे गस्त घालतात.