छोट्या इंजिनात वाफ जाते कुठे?

घरच्या लेथवर पहिलं छोटं स्टीम इंजिनचं मॉडेल तयार झालं की आधी ते कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवून बघतात, अर्ध्या बार दाबाला फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) गरागरा फिरतं आणि इतक्या महिन्यांची मेहनत फळाला आल्यासारखं वाटतं. मग तेच इंजिन बॉयलरला जोडायचं, तर दोन-चार आचके देऊन बंद, आणि एक्झॉस्टमधून नुसतं गरम पाणी. माझं असं झालं तेव्हा मी व्हॉल्व्हचं सेटिंग तीनदा बदललं, पण दोष तिथे नव्हताच, सिलेंडर गार होता एवढंच.

१ लिटर पाणी उकळलं की साध्या हवेच्या दाबाला त्याची १६०० लिटरपेक्षा जास्त वाफ होते. उलटंही तितकंच खरं, गार धातूला टेकलेली वाफ पुन्हा पाणी होते, थेंबभर जागेत मावते आणि पिस्टनला ढकलायला काही उरतच नाही. मोठ्या इंजिनातही हे होतं पण छोट्यात फारच जास्त, कारण ४०० मिमी बोअरचं (म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भोकाचं) इंजिन त्याच प्रमाणात २० मिमीवर आणलं तर सिलेंडरच्या भिंतीचं क्षेत्रफळ ४०० पट कमी होतं आणि आतली जागा ८००० पट. म्हणजे तेवढ्याच वाफेमागे तिला गार करणारी भिंत २० पट जास्त!

मला सगळ्यात आवडतं ते हे की जेम्स वॉटलाही ही गोष्ट एका मॉडेलनेच दाखवली. १७६३ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनचं (वॉटच्या आधीच्या वाफेच्या इंजिनचं) मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं, सिलेंडर जेमतेम २ इंच व्यासाचा. दुरुस्त करूनही ते थोडेच स्ट्रोक (पिस्टनच्या फेऱ्या) मारायचं की बॉयलरची वाफ संपलीच. वॉट उपकरणं बनवणारा कारागीर, त्याने वाफ नक्की जाते कुठे हे मोजायलाच घेतलं. न्यूकोमेनच्या इंजिनात दर स्ट्रोकला वाफेचं पाणी करायला सिलेंडरमध्येच गार पाणी सोडायचे, त्यामुळे पुढची बरीचशी वाफ सिलेंडर परत तापवण्यातच जायची. मोठ्या इंजिनात हे खपून जायचं, जास्त कोळसा घालायचा की झालं, पण या छोट्या मॉडेलमध्ये ते उघड पडलं. १७६५ मध्ये त्याला सुचलं की वाफ थंड करायचं भांडंच वेगळं ठेवायचं आणि सिलेंडर कायम गरम. तोच वेगळा कंडेन्सर.

आपल्या मॉडेलला एवढं करावं लागत नाही. ड्रेन कॉक (सिलेंडरमधलं पाणी काढायचे छोटे नळ) उघडे ठेवायचे, वाफ थोडीशीच सोडायची आणि कॉकमधून पाणी यायचं थांबेपर्यंत फ्लायव्हील हाताने फिरवत राहायचं. घाई करू नका, पाणी दाबलं जात नाही, ते आत अडकलं आणि पिस्टन जोरात त्यावर आला तर रॉड वाकतो नाहीतर कव्हर तरी फुटतं.

तापण्याचा अजून एक त्रास पिस्टनच्या फिटिंगमध्ये आहे. बोअर आणि सिलेंडरचं एक टोक लेथच्या चकमधून (काम पकडणाऱ्या जबड्यातून) न काढता एकाच सेटिंगमध्ये करायचं म्हणजे दोन्ही काटकोनात येतात, आणि पिस्टन त्याच्या रॉडवर बसवूनच शेवटचा कट घ्यायचा. फट ०.०२ मिमी ठेवली की हाताला सुंदर लागतं. पण बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सिलेंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन असेल तर १०० अंश तापल्यावर २० मिमीचा पिस्टन सिलेंडरपेक्षा साधारण ०.०२४ मिमी जास्त फुगतो, म्हणजे फट संपलीच, पिस्टन जाम. म्हणून मी धातूची जोडी ठरवल्याशिवाय पिस्टनला हातच लावत नाही.

बॉयलर तांब्याचा, आणि सांधे सिल्व्हर सोल्डरचेच (म्हणजे सिल्व्हर ब्रेझिंगचे) हवेत. साधं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशांपासून मऊ पडायला लागतं आणि गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) ४ बार असताना आतली वाफ १५० च्या थोडी वरच असते, पाणी जरा कमी पडलं तर तो सांधा गेलाच. सिल्व्हर सोल्डर वितळायला ६०० अंशांच्या वर जावं लागतं. चाचणी गार पाण्यानेच घ्या, बॉयलर पूर्ण भरून, आत हवेचा बुडबुडासुद्धा नको, आणि हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब द्या. पाणी दाबलं जात नाही ते इथे आपल्या बाजूने असतं, सांधा सुटलाच तर थोडं पाणी गळतं आणि गेजचा काटा खाली येतो, तेच हवेने किंवा वाफेने फुटलं तर तुकडे उडतात. काटा अर्धा तास हलला नाही की मगच खाली आग लावायची.