अनंत पिवळा पडतो, शेजारची हरळी हिरवीगार

कुंडीत गंजलेले खिळे पुरा, पिवळं पडलेलं झाड हिरवं होईल, असा सल्ला मोबाइलवर सारखा फिरत असतो. तो बिनकामाचा आहे. देशावरची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून बनली, त्यात वजनाने सुमारे दहावा हिस्सा लोहच असतं. मातीत लोखंडाचा तुटवडा नाही, झाडाला ते उचलता येत नाही एवढंच.

आधी पान नीट बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यावर शिरांची हिरवी जाळी ठळक आणि खालची जुनी पानं ठीकठाक असतील, तर बहुधा लोह कमी पडतंय. हरितद्रव्य तयार करायला लोह लागतं आणि जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे फारसं सरकत नाही. नत्र कमी पडलं तर उलट होतं, आधी जुनी पानं पिवळी पडतात.

आता मुळाशी काय चालतं ते पाहू. हवेशीर मातीत लोह ‘फेरिक’ रूपात, म्हणजे गंजाच्या स्वरूपात असतं आणि मातीचा सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की ते जवळपास हजारपट कमी विरघळतं. चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या आसपास असतो. अशा ठिकाणी वनस्पतींच्या दोन रीती दिसतात. रोमहेल्ड आणि मार्शनर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये त्यांची नीट मांडणी केली. अनंत, एक्झोरा, जास्वंद यांसारखी झुडपं मुळांतून आम्ल सोडतात, फेरिक लोहाचं मुळाच्या पृष्ठभागावरच ‘फेरस’मध्ये, म्हणजे सहज विरघळणाऱ्या रूपात, रूपांतर करतात आणि मग ते शोषतात. पण चुनखडी हे आम्ल तिथल्या तिथे मारून टाकते, सगळी मेहनत वाया जाते.

गवतांची रीत निराळी, आणि मला तिचंच फार कौतुक आहे. जपानच्या ताकागी यांनी 1976 मध्ये दाखवलं, की भात आणि ओट यांची मुळं लोह विरघळवणारे पदार्थ बाहेर सोडतात. हे फायटोसायडेरोफोर. हे रेणू फेरिक लोहाला सहा बाजूंनी कवटाळतात आणि गवताचं मूळ ती अख्खी जोडी आत ओढून घेतं. आम्लाची गरजच नसल्यामुळे चुनखडीचा अडथळा फारसा उरत नाही. जवाच्या मुळांतून तर हा स्राव सूर्योदयानंतरच्या काही तासांतच भरपूर होतो. सगळी गवतं सारखी नव्हेत. जव ते भरपूर सोडतो, भात आणि ज्वारी कमी, म्हणून चुनखडीच्या रानात ज्वारीही पिवळी पडते.

झाड निवडण्याआधी चमचाभर कोरड्या मातीवर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. तिथे अनंत किंवा एक्झोरा जमिनीत लावू नका, मोठ्या कुंडीत लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत घालून लावा. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाच एक्झोरा कुंपणाला रसरसून वाढतो. चुनखडीत कण्हेर, बोगनवेल, निर्गुडी घ्या, बांधाच्या कडेला वाळा लावा, मोकळ्या जागेत हरळी पसरू द्या. पाणी बोअरचं असेल तर त्यातल्या बायकार्बोनेटमुळे त्रास वाढतो, अनंताला तरी पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

लावलेलं झाड पिवळं पडलंच, तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकून उपयोग नाही, ते लवकरच गंजाच्या रूपात जातं. त्याची पातळ फवारणी पानांवर करा, किंवा दुकानात ‘ईडीडीएचए’ प्रकारचं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, लोह मागा. स्वस्तातलं ‘ईडीटीए’ चुनखडीत लोह सोडून कॅल्शियमला धरतं. आणि झुडपाच्या बुंध्याजवळचं सगळं गवत उपटायची घाई नको. चीनमध्ये चुनखडीच्या शेतात मक्याशेजारी लावलेला भुईमूग एकट्या भुईमुगापेक्षा हिरवा राहतो असं आढळलं आहे. मक्याच्या मुळांनी सोडवलेलं लोह त्याच्याही कामी येतं.