गच्चीवरून गुरू टिपताना

मुंबईत रात्री तारेच दिसत नाहीत, मग दुर्बीण घेऊन करायचं काय, असं पुष्कळांना वाटतं. अंधुक तेजोमेघ पाहायचे तर वांगणी-नेरळकडे जावं लागतं हे खरं. पण चंद्र, गुरू आणि शनी इतके तेजस्वी आहेत की दादरच्या गच्चीवरच्या उजेडानेही त्यांचं फारसं बिघडत नाही. त्यांचे फोटो काढायला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी बसणारा साधा डिजिटल आयपीस कॅमेरा पुरतो.

नेहमीचा आयपीस काढायचा आणि त्याच सव्वा इंची नळीत हा कॅमेरा सरकवायचा. दुर्बिणीच्या आरशाने किंवा भिंगाने तयार केलेली प्रतिमा थेट कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, म्हणजे सीमॉस सेन्सरवर पडते आणि यूएसबी केबलमधून लॅपटॉपवर दिसू लागते. सेन्सर अगदी लहान असतो. समजा, तो 4.8 मिलिमीटर रुंद आहे आणि दुर्बिणीचं नाभीय अंतर (आरसा किंवा भिंगापासून प्रतिमा पडते तिथवरचं अंतर) 1000 मिलिमीटर. अशा दुर्बिणीत चंद्राची प्रतिमा साधारण 9 मिलिमीटरची पडते, म्हणजे अख्खा चंद्र मावतच नाही. उलट गुरू जेमतेम 0.2 मिलिमीटरचा, 3.75 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिक्सेल असतील तर त्याच्या वाट्याला साठाच्या आसपास पिक्सेल येतात. म्हणून कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. प्रतिमा दुप्पट मोठी करणारं बार्लो भिंग आणि सेकंदाला जास्त फ्रेम देणारा कॅमेरा यांचा उपयोग कितीतरी जास्त.

खरी अडचण हवेची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो, त्यात शेजारच्या एसीचा गरम झोत. लॅपटॉपवर गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो, त्याचे पट्टे उमटतात आणि विरघळतात. मधेच क्षणभर हवा स्थिरावते आणि ते लख्ख दिसतात. असे क्षण हाती लागण्याची शक्यता किती, याचं गणित प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड फ्राइड यांनी 1978 मध्ये मांडलं होतं. असे क्षण वेचण्याचं तंत्र आज घरीही वापरता येतं. फोटोऐवजी व्हिडिओ घ्यायचा, ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरने त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. 400 फ्रेम रचल्या तर चित्रातला खरखरीतपणा 20 पटींनी कमी होतो, कारण तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो.

व्हिडिओ मात्र दोन-तीन मिनिटांत आटपावा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे जास्त वेळ घेतला की पृष्ठभागावरचे तपशील फराटतात.

सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेला नको. तेव्हा सावल्या नसतात आणि विवरं सपाट दिसतात. शुक्ल नवमी-दशमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेजवळ 93 किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर शोधा. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आणि मधली शिखरं या छोट्या कॅमेऱ्यातही सुटी सुटी दिसतात.