आधी शुद्ध की आधी कवटी?

मेंदूला जबर मार लागलेल्या काही रुग्णांच्या डोक्यावरील पट्टीवर ‘इथे हाड नाही’ अशी ठळक सूचना लिहिलेली असते. कवटी ही बंद पेटी असल्याने सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून न्यूरोसर्जन कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा काढतात आणि तो उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात. यामुळे जीव वाचतो, शुद्ध परततेच असे नाही. ‘रेस्क्यू आयसीपी’ या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतरचे मृत्यूंचे प्रमाण केवळ औषधोपचार घेणाऱ्या गटात ४८.९ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात २६.९ टक्के होते. मात्र डोळे उघडे पण जाणिवेचा मागमूस नाही, अशा अवस्थेतील रुग्ण अनुक्रमे २.१ आणि ८.५ टक्के होते.

अशा रुग्णाची कवटी पुन्हा कधी बसवायची? ‘आधी शुद्धीवर येऊ द्या, मग बघू’ हे उत्तर समंजस वाटते, पण त्यात एक गफलत आहे. सूज ओसरल्यावर हाड नसलेल्या जागी त्वचा आत खचते, बाहेरच्या हवेचा दाब मेंदूवर येतो आणि तिथला रक्तप्रवाह व मेंदूजलाचे (मेंदूभोवतीच्या द्रवाचे) अभिसरण बिघडू शकते. खाटेची उशाकडची बाजू उचलली की हा खळगा खोल होतो, रुग्णाला आडवे केले की उथळ होतो. मेंदूजल काढून टाकणारी नळी, म्हणजे शंट, बसवलेली असेल तर हा खळगा आणखी खचतो. शुद्धीवरचा माणूस उठून बसताच डोके दुखते, हातातले बळ गेले, अशी तक्रार तरी करतो. बेशुद्ध रुग्णाला ते शक्य नसते आणि त्याची घसरण मूळ इजेच्या खात्यावर सहज जमा होते.

तीन महिन्यांच्या आत कवटी बसवलेल्यांमध्ये सुधारणा अधिक दिसल्याचे काही अभ्यास सांगतात. पण मुळात ज्यांची प्रकृती बरी, त्यांचीच शस्त्रक्रिया लवकर होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय श्वासनलिकेतली नळी, लघवीचा कॅथेटर आणि पाठीवरच्या जखमा यांमुळे या रुग्णांना जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. त्यामुळे माझ्या मते वाट पाहायची ती सूज उतरण्याची, संसर्ग आटोक्यात येण्याची आणि तुंबलेल्या मेंदूजलाचा बंदोबस्त होण्याची. शुद्ध येण्याची नव्हे.

कवटी बसवल्याने फरक पडला की नाही, हे ओळखणेही सोपे नाही. जाणीव तपासण्याच्या एका चाचणीत रुग्णासमोर हातआरसा धरून तो हळूहळू डावीकडे-उजवीकडे, वर-खाली नेतात आणि नजर आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याचा पाठलाग करते का, ते पाहतात. सकाळी पाठलाग करणारी नजर दुपारी स्थिर राहू शकते. म्हणून ही तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी वेगवेगळ्या वेळी अनेकदा करावी लागते आणि नंतरही तशीच; एरवी हाडाने दिलेले कोणते आणि नुसत्या काळाने दिलेले कोणते, याचा अंदाजही बांधता येत नाही.