चार दारांची वेगवान गाडी संग्राह्य कधी ठरते?

मे २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने आपल्या संग्रहातली १९५५ सालची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे लिलावात काढली आणि ती १३.५ कोटी युरोंना गेली. त्याआधी कुठल्याही मोटारीला लिलावात एवढी किंमत आली नव्हती. गाडीला दारं दोन, माणसांना जागा दोन आणि जगात अशा गाड्याही दोनच. संग्राहकांचा बाजार वर्षानुवर्षं याच मापाने चालत आलाय. उघड्या छपराची, दोन आसनांची किंवा शर्यतीत धावलेली गाडी पहिल्या पंगतीत. त्याच कंपनीची चार दारांची बहीण मागच्या. म्हणून आज शोरूममध्ये उभी असलेली सहाशे अश्वशक्तीची सेडान उद्या मौल्यवान होईल का, असं विचारलं की जाणकार आधी हसतात. पण मागच्या पंगतीतल्या काही सेडान पुढे सरकल्या आहेत. त्या कशा सरकल्या ते पाहिलं तर या प्रश्नाला धड उत्तर देता येतं.

सेडानला मारतो तो तिचा उपयोग. दोन आसनांची गाडी हौसेची असते, पावसात बाहेर काढली नाही तरी कुणाचं अडत नाही. सेडान मात्र रोज ऑफिसला जाते, मुलांना शाळेत सोडते, डिकीत सामान कोंबून गावोगाव फिरते. दहा वर्षांत ती तिसऱ्या मालकाकडे पोहोचते आणि कधीतरी एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो. तिथून रस्ता सरळ भंगारात. १९५९ मध्ये आलेल्या जॅग्वार मार्क २ चं असंच झालं. ३.८ लिटरच्या इंजिनाची ही गाडी ताशी २०० किलोमीटर गाठायची. ब्रिटनमध्ये पोलीस ती वापरत आणि दरोडा घालून पळणारेही तीच पळवत. मग गंजाने कितीतरी खाल्ल्या. ज्या उरल्या त्यांना भाव आला.

मोठं इंजिन साध्या दिसणाऱ्या गाडीत बसवायची कल्पना खऱ्या अर्थाने पक्की झाली ती १९६८ मध्ये. मर्सिडीजचे अभियंता एरिश वाक्सेनबेर्गर यांनी राष्ट्रप्रमुखांच्या ६०० या लांबलचक गाडीचं ६.३ लिटरचं व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन घेतलं आणि ते ३०० एसईएल या सेडानच्या बॉनेटखाली बसवलं. २५० अश्वशक्ती, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कळावं असं जवळपास काहीच नाही. अशा ६,५२६ गाड्या निघाल्या. त्यातलीच एक एएमजी या तेव्हा नवख्या कार्यशाळेने शर्यतीसाठी सजवली. १९७१ च्या बेल्जियममधल्या स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत ती एकूण क्रमवारीत दुसरी आली. आज एएमजी हे नाव जगभर ओळखीचं आहे, त्याची मुळं या जडशीळ लाल सेडानमध्ये आहेत.

जपानमध्येही सुरुवात चार दारांनीच झाली, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. निस्सानची पहिली स्कायलाइन जीटी-आर फेब्रुवारी १९६९ मध्ये आली ती सेडान म्हणून. दोन दारांची आवृत्ती पुढच्या वर्षी. पहिल्या सेडान फक्त ८३२ बनल्या.

पुढचा धक्का शर्यतीच्या नियमांनी दिला. ऐंशीच्या दशकातल्या ग्रुप ए नियमानुसार एखादी गाडी शर्यतीत उतरवायची तर ती बारा महिन्यांत ५,००० इतक्या संख्येने बनवावी लागे, आणि तिच्यात पुढचे बदल करायचे तर त्या बदलांसह आणखी ५००. म्हणजे जी गाडी एरवी कुठल्याही हिशोबनीसाने मंजूर केली नसती, ती नियमापायी रस्त्यावर आली. मर्सिडीज १९० ई २.३-१६ चं इंजिन कॉसवर्थ या ब्रिटिश इंजिन कंपनीच्या मदतीने घडलं. मे १९८४ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या नव्या शर्यतमार्गाच्या उद्घाटनाला एकसारख्या १९० ई देऊन नामवंत चालकांची शर्यत लावली, तेव्हा फॉर्म्युला वनमधला तरुण आयर्टन सेना पहिला आला आणि तिथलाच मुरलेला निकी लाउडा दुसरा. याच घराण्यातली १९९० ची इव्होल्यूशन २ फक्त ५०२ नग निघाली. तिच्या मागचा तो अवाढव्य पंख पाहून तेव्हा लोक हसले. १९९२ मध्ये क्लाउस लुडविगने याच गाडीवर जर्मनीची डीटीएम ही टूरिंग मोटारींची स्पर्धा जिंकली आणि आज ती लाखो युरोंत जाते. चार दारांच्या आधुनिक गाडीने संग्राहकांच्या पहिल्या पंगतीत पान मांडून घेतल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला दिसत नाही.

पण मन रमतं ते मर्सिडीजच्याच ५०० ई पाशी. मर्सिडीजला आपल्या मध्यम आकाराच्या सेडानमध्ये ५ लिटरचं व्ही ८ बसवायचं होतं. त्यासाठी चाकांवरचे पत्रे फुगवले, आणि मग ही रुंद गाडी नेहमीच्या जुळणीच्या रांगेत मावेना. त्याच सुमाराला शेजारच्या पोर्शला कामाची चणचण होती. तेव्हा गाडीच्या घडणीचं बरंचसं काम पोर्शकडे गेलं. झुफेनहाउझेनला, जिथे पोर्शची ९५९ ही स्पोर्ट्स कार बनली होती त्याच जागी, सांगाडा घडे. रंगासाठी तो मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात परत जाई. अंतिम जुळणीला पुन्हा पोर्शकडे. एकेक गाडी तयार व्हायला अठरा दिवस लागत. दहा हजारांहून थोड्या अधिक बनल्या. एवढा खटाटोप पुन्हा कुणी करणार नाही, आणि बाजाराने नेमकी हीच गोष्ट ओळखली.

बीएमडब्ल्यूची पहिली एम ५ तर त्याहून आधीची, १९८४ ची. एम १ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावरून घेतलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, २८६ अश्वशक्ती आणि हाताने जुळवलेल्या सुमारे २,२०० गाड्या. अमेरिकेत ५०० च येणार असं सांगून प्रत्यक्षात हजाराच्या वर आणल्या, म्हणून तिथले खरेदीदार चक्क कोर्टात गेले. दुर्मीळपणाला तेव्हाही लोक पैसा समजत होते, हे यावरून कळतं. १९९० च्या लोटस कार्लटनचं वेगळंच. ३७७ अश्वशक्तीची ही घरगुती दिसणारी गाडी इतकी वेगवान होती की ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर बंदीची ओरड केली. पुढे चोरलेली एक गाडी घेऊन एका टोळीने दुकानं फोडली आणि पोलिसांना ती गाठताच येईना. एकूण ९५० बनल्या. बदनामीनेही गाडीचं मोल वाढतं.

या सगळ्या गाड्यांच्या नशिबी मधे एक दरी आली. नव्याचे नऊ दिवस संपले, घसारा लागला, आणि वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात त्या साध्या नव्या सेडानच्या किमतीत मिळू लागल्या. याच काळात बहुतेक मेल्या. मग पंचवीस-तीस वर्षांनी, चौदाव्या वर्षी खोलीच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावलेली पोरं कमावती झाली आणि शोध सुरू झाला. अमेरिकेत २५ वर्षांहून जुनी गाडी सुरक्षा नियमांच्या अडथळ्याशिवाय आयात करता येते; मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनसारख्या जपानी सेडानना या एका कलमाने नवी बाजारपेठ दिली.

आता आजच्या गाड्या. १९९८ ची एम ५, म्हणजे ४०० अश्वशक्तीचं व्ही ८ आणि केवळ हाताने बदलायचे सहा गिअर, वीस हजारांवर बनूनही वर चढली. संख्येपेक्षा चालवण्याचा अनुभव मोलाचा ठरला. तिच्या पुढची व्ही १० इंजिनाची एम ५ जवळपास तेवढ्याच संख्येने निघाली, पण बेअरिंग आणि स्वयंचलित गिअरबॉक्सच्या दुखण्यांनी बदनाम झाली. ऐकायला अद्भुत, ठेवायला पांढरा हत्ती. खरं तर तिच्यासारखं इंजिन सेडानमध्ये पुन्हा येणार नाही, त्यामुळे मी तिला अजून बाद धरत नाही.

त्यानंतरच्या पिढीच्या बाजूने मोठी गोष्ट अशी की एक युग डोळ्यांदेखत संपतंय. मर्सिडीज सी ६३ चं ४ लिटरचं व्ही ८ गेलं आणि जागी २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन व विजेची मोटर आली. कागदावर ताकद ६८० अश्वशक्ती, पण चाहते रुसले ते रुसलेच. २०२४ ची एम ५ हायब्रिड झाली आणि वजन २,४०० किलोच्या वर गेलं. डॉजची हेलकॅट इंजिनाची चार्जर २०२३ अखेर थांबली. युरोपीय संघाने २०३५ नंतर कार्बन सोडणाऱ्या नव्या गाड्यांवर बंदीचा नियम केला, पुढे तो सैल करण्याच्या हालचालीही सुरू झाल्या. अशा वेळी ६६८ अश्वशक्तीचं व्ही ८ आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स घेऊन आलेली कॅडिलॅक सीटी ५-व्ही ब्लॅकविंग, किंवा अल्फा रोमिओची फक्त ५०० बनलेली जुलिया जीटीए मालिका, या गाड्या शर्यतीच्या नियमापायी जन्मलेल्या जुन्या विक्षिप्त गाड्यांच्या जवळ जातात.

विरुद्ध बाजूला दोन गोष्टी आहेत. पहिली, आजचा खरेदीदार हुशार झालाय. गाडी घेतल्या दिवशीच झाकून ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ज्या गाड्या मरतच नाहीत त्या दुर्मीळ कशा होणार? ५०० ई कुणी जपायची म्हणून घेतली नव्हती. दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सची. नव्वदच्या दशकातल्या कित्येक मर्सिडीजच्या वायरिंगचं वेष्टन वयाने तुकडे पडून झडलं. तेवढ्यानेही मालक हैराण झाले. पण तारा नव्याने ओढता येतात. आजच्या सेडानमधले डझनावारी संगणक त्याच एका गाडीशी कुलूपबंद असतात. त्यातला एक बंद पडला आणि कंपनीने त्याचा पुरवठा थांबवला, की गाडी उभीच राहते. हायब्रिडची बॅटरी तर उभ्या गाडीतही म्हातारी होते.

म्हणून माझा कौल मॅन्युअल गिअरच्या आणि मोठ्या साध्या इंजिनाच्या मोजक्या गाड्यांना. हायब्रिड महाराक्षसांना नाही. त्यातही आधी ती घसाऱ्याची दरी येणारच, आणि ती पंधरा-वीस वर्षं रुंद असते. तेवढी वर्षं विमा, टायर, बंद गॅरेज आणि मधूनमधून इंजिन फिरवणं हा खर्च मालकालाच करायचा आहे.